काचेमागे कोणी नाही

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज पाच वेळा मरता मरता वाचले. पाचव्या खेपेला तर वाचायचाही कंटाळा आला होता.

नवी तुकडी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या सहाजणी, कडक इस्त्रीचे गणवेश, आणि मधोमध पलंगावर आमचे आबा – रबराचे, टकले, डावी पापणी अर्धीच मिटणारे. सरावाच्या खोलीत दिवसभर आजारी पडून राहायचं, एवढंच त्यांचं काम. आणि शेजारच्या केबिनमध्ये माइकपाशी बसून त्यांच्या वतीने कण्हायचं, हे माझं! मधे काच. मुलींना तिच्यात स्वतःचं तोंड तेवढं दिसतं. मला मात्र पलीकडचं सगळं दिसतं. कोण नखं खातं, कोण हात न धुताच 'धुतले' म्हणतं, कोण आबांना हळूच चिमटा काढून बघतं.

मोठ्या बाई आल्या. त्यांचं ठरलेलं भाषण. "ही खोली खरी माना. आबा खरे माना. काचेमागे कोणी नाही!" प्रिन्सिपल झाल्यापासून त्यांनी ह्यातला एक शब्द बदललेला नाही. मी काचेमागे बसून गार चहा पीत होते. कोणी नाही म्हणे!

आणि दुसरा नियम – 'खेळ थांबला' हे दोन शब्द फक्त माझे. कोणाला खरंच सुई टोचली, कोणी खरंच चक्कर येऊन पडलं, तर मी माइकवरून म्हणायचं. मग आबाही रबराचे आणि आम्हीही आम्ही. मुलींनी म्हणायचं नाही. नाहीतर जमलं नाही की जी ती खेळ थांबवत सुटेल.

घरी आले तर घशातून आवाजच निघेना. हातानेच खुणा केल्या. हे म्हणाले, "तिकडे दिवसभर बोंबलायचं, आणि घरी आलीस की मुकी!" मी हसले. हसायलाही दम लागला.

५ फेब्रुवारी, बुधवार

आबांच्या मनगटातली नाडीची मोटर गेल्या सत्रापासून बंद. वायरमनने (आमचा तंत्रज्ञ – त्याला सगळे वायरमनच म्हणतात, तोही 'ओ' देतो) उघडून पाहिलं, फुंकर मारली, पुन्हा बंद केलं. "मॅडम, हा पार्ट आता बनतच नाही. आबा म्हातारे झाले."

मग होतं काय, मुलगी मनगट धरते, मोठ्याने म्हणते, "नाडी बघते," आणि वर बघते. छतात स्पीकर आहे. मी वरून सांगते, "शंभर." ती मान हलवते, पुढे जाते. बोटाखाली काही लागलं का, हा प्रश्नच नाही! म्हणजे आम्ही ह्यांना नाडी बघायला शिकवत नाही, छताला विचारायला शिकवतो. उद्या वॉर्डात खऱ्या माणसाचं मनगट धरून ह्या छताकडे बघत बसल्या म्हणजे?

मोठ्या बाईंना सांगितलं. पुन्हा एकदा. त्या म्हणाल्या, "अहो, आता चष्मे येणारच आहेत ना! जुन्यावर कशाला जीव काढायचा?"

चष्मे म्हणजे डोळ्यांवर चढवायचे ते जाडजूड डबे. घातले की समोर आख्खा वॉर्ड उभा राहतो. पेशंट, पलंग, सलाईन, सगळं हवेतलं. ते आले की आबा अडगळीत. आणि मीही बहुधा.

बरंच होईल. पाठ टेकायला मिळेल.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

तुकडीत एक आहे. हिला मी गेल्या वर्षीपासून ओळखते – छतवाली. बाकीच्या आकडा ऐकण्यापुरत्या वर बघतात. ही वर बघते ती बघतच राहते! "आजोबा, कुठे दुखतंय?" – हे छताला. "केव्हापासून?" – तेही छताला. आबा बिचारे खाली पडलेत, त्यांच्याकडे पाठ. बाकीच्या तोंडावर रुमाल धरून हसतात.

सराव झाल्यावर सगळ्यांना गोल बसवून बोलायचं असतं – काय जमलं, काय फसलं. मी विचारलं, "तू पेशंटकडे का बघत नाहीस?"

"मॅडम, ते बोलत नाहीत. आवाज वरून येतो."

"आवाज आबांचाच आहे."

"त्यांचं तोंड हलत नाही, मॅडम."

घ्या! आता ह्यावर काय बोलायचं? बाकीच्या फिदीफिदी. मी उगाच जोरात ओरडले. नंतर वाईट वाटलं, पण फार नाही.

गेल्या वर्षीच्या परीक्षेत तिने ह्याहून मोठा घोळ घातला होता. आबांना धाप लागलेली, आणि ही पलंग सोडून सरळ काचेपाशी आली, दोन्ही हात कपाळावर धरून आत डोकावायला लागली! पेशंटला एकटं टाकून जाणं म्हणजे थेट नापास. नियमच आहे, आणि योग्यच आहे. ह्या वर्षी पुन्हा बसली आहे. ह्याही वेळी गेली तर कॉलेज सुटलं तिचं. तिसरी संधी देत नाहीत. महिनाअखेरीला परीक्षा.

मुलगी वाईट नाही. अभ्यास चोख, हात हलका, इंजेक्शन देते तर कळतसुद्धा नाही म्हणे. नुसती ही एक खोड! आणि ती घालवायची माझ्यावर आली आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

जिना चढताना दोनदा थांबावं लागलं. लिफ्ट बंद. ही केबिन तिसऱ्या मजल्यावर कोणाच्या सुपीक डोक्यातून आली कोण जाणे. वय झालं, दुसरं काय.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मोठ्या बाईंची नवी कल्पना. खरं तर चांगली आहे, पण काम माझ्याच गळ्यात.

"आपल्या मुलींना हार्ट अटॅक एकच माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पुरुष, छातीवर हात, धाडकन खाली. बाईमाणसाचा तसा येतोच असं नाही. ती म्हणते थकवा आलाय, पित्त झालंय, पाठ भरून आलीय. आणि ह्या मुली तिला गोळी देऊन घरी पाठवतात! परीक्षेला ह्या वेळी तीच केस द्या. तुम्हीच लिहा, तुमच्यासारखी कोणी लिहीत नाही."

हे शेवटचं वाक्य बोललं की मी नाही म्हणत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

म्हणजे आता आबांची आजी करायची. वायरमन कुठून तरी पांढऱ्या केसांचा टोप घेऊन आला. आधी स्वतःच घालून बघितला, कमरेत वाकला, "सिस्टर, माझे दात कुठे ठेवलेत?" आम्ही दोघं इतके हसलो! हसता हसता मला घाम फुटला, खुर्चीत बसले. तो म्हणाला, "मॅडम, ठीक ना?" म्हटलं, पंखा लाव बाबा.

टोप मात्र आबांना शोभतो. अर्धी पापणी मिटलेली आजी. कोणाची तरी आठवण येते, पण कोणाची ते कळत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज चष्म्यांसाठी माझा आवाज भरून घेतला. कंपनीचा माणूस आला होता. बंद खोली, कानांवर हेडफोनच्या वाट्या, आणि समोर यादी. 'आई गं' – कमी दुखणं. 'आई गं' – मध्यम दुखणं. 'आई गं' – असह्य. 'श्वास घेता येत नाही.' 'पाणी द्या.' 'माझ्या घरच्यांना कळवा.' प्रत्येक वाक्य तीन-तीनदा.

मधेच म्हणतो कसा, "मॅडम, जरा अजून थकलेल्या वाटा ना."

ह्याहून?

दुपारपर्यंत संपलं. आता मी हवेतल्या वॉर्डात कायमची आजारी. कोणत्याही शहरातल्या कोणत्याही मुलीने बटण दाबलं की मी कण्हणार. घरी झोपलेली असले तरी कण्हणार! त्याला विचारलं, मुलीने काही वेगळंच विचारलं तर? तो म्हणाला, "तर पेशंट म्हणेल – मला समजलं नाही, पुन्हा सांगा."

म्हटलं, चला, पेशंट आतापासूनच बहिरा!

१६ फेब्रुवारी, रविवार

केस लिहायला बसले. आजीला काय काय होतं?

आधी पुस्तक काढलं. पुस्तकातली आजी पुस्तकासारखीच बोलते. मग पुस्तक मिटलं आणि जे सुचेल ते लिहीत गेले. जिना चढताना थांबावं लागतं. सकाळी उठल्यावरच दमलेली असते. दोन्ही खांद्यांच्या मधे कोणी ओझं ठेवल्यासारखं. जबडा ठणकतो, वाटतं दाढ असेल. पित्त झालं म्हणून गोळी घेते, तात्पुरतं बरं वाटतं. उगाच घाम. आजी कोणाला सांगत नाही, कारण सांगितलं की सगळे म्हणणार कामं सोड, आणि मग कामं करणार कोण?

भराभर लिहून झालं. इतकी सोपी केस आजवर लिहिली नव्हती.

हे चहा घेऊन आले, खांद्यावरून वाचलं. "अगं, हे तर तुझंच वर्णन आहे की!"

म्हटलं, "मग? फुकटची दुखणी आहेत, वाया कशाला घालवायची?"

हे हसले नाहीत. "एकदा दाखवून ये."

"अहो, पाठ दुखते ती खुर्चीमुळे. दाढेचं बघू. सत्र संपू दे."

"तुझं सत्र कधी संपलेलं मी पाहिलेलं नाही," म्हणाले आणि कप घेऊन गेले. माझा चहा अजून प्यायचा होता!

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आजीचा पहिला सराव. मोठ्या बाईंचं खरंच खरं – पहिल्या पाचजणींनी पित्त ठरवलं. एकीने तर आजीला तिखट कमी खायचा सल्ला दिला आणि पांघरूण नीट करून निघाली. मी आत कपाळाला हात लावून बसले.

मग छतवाली.

अर्थात छताशीच बोलली. पण प्रश्न! एकेक असा नेमका, की मी माइकपाशी सरसावून बसले.

"आजी, हे कधीपासून होतंय?"

"झाला असेल महिनाभर."

"आणि तुम्ही कोणाला सांगितलं नाही?"

हा प्रश्न माझ्या कागदावर नव्हता. तोंडाला आलं ते बोलले. "सांगून काय करायचं गं? बसायला कुठे वेळ आहे?"

तिने मान आणखी वर केली. मग छताकडे बघतच, हळू आवाजात – "तुम्हाला खरंच वाटतं का हा नुसता थकवा आहे?"

काय झालं कोण जाणे, मला संतापच आला. परीक्षा तिची की माझी! मी बटणं दाबली. रक्तदाब खाली, ऑक्सिजनही खाली. भिंतीवरच्या स्क्रीनवर आकडे लाल झाले, भोंगा वाजायला लागला. ती वरच बघत होती, तिला कळायला वेळ लागला. आजी गेल्यात जमा.

सगळ्यांसमोर झापलं तिला. "पेशंट कसा आहे ते बघ, स्क्रीन काय म्हणतेय ते बघ, दोन्ही जुळतात का ते बघ! नर्सचं काम तेच आहे. छताला काय चिकटलंय?"

"हो मॅडम," म्हणाली. मान खाली. मग एकदम मान वर करून, "मॅडम, तुमची दाढ कशी आहे?"

मी म्हटलं, माझ्या दाढेचं तुला काय करायचंय? कोण म्हणालं दाढ दुखते? आजीची दुखते!

"हो मॅडम. सॉरी मॅडम."

रागावले ते चुकलंच. पण मी दमले आहे. दमलेल्या माणसाला एकच भाषा येते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

केबिनच्या दारावर टकटक. मुलींना इथे यायची बंदी आहे. दार उघडलं तर छतवाली, हातात पेलाभर गरम पाणी.

"तुमचा आवाज बसलाय, मॅडम. परवापासून."

मी म्हटलं, "काचेमागे कोणी नाही. पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं?"

"हो मॅडम. पण पाणी प्या."

प्याले. काय करणार! दारातच उभी राहिली. केबिनकडे बघत होती. मोडकी खुर्ची, बटणांचा फळा, माझा डबा, काचेपलीकडे आबा टोप घालून आढ्याकडे बघतायत. मला लाज वाटली, जशी कोणी न सांगता घरी आलं की पसाऱ्याची वाटते.

"म्हणजे तुम्ही इथे असता," ती म्हणाली.

म्हटलं, "आता कळलं ना? झालं समाधान? आता पेशंटकडे बघशील?"

"प्रयत्न करते मॅडम. पण मला माहीत असतं ना, की दुखणारं कोणी तिथे नाहीये."

हे तिचं सगळं दुखणं. बाकीच्या मुली खेळतात, ही खेळत नाही. खेळता येत नाही तिला. अशी मुलगी खेळाच्या परीक्षेत कशी पास व्हायची?

२३ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर पडून. ह्यांनी स्वयंपाक केला. डॉक्टरचं पुन्हा काढलं. मी कूस बदलली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

चष्मे आले! मोठ्या बाई लग्नघरातल्यासारख्या धावपळीत. सहाजणींना ओळीने घालून बघायला दिले. डोळ्यांवर डबा, हात हवेत, हवेतल्या पेशंटचं हवेतलं पांघरूण ओढतायत. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, सगळ्यांना एकदमच झपाटलंय. एकीला गरगरलं, ती थेट टेबलावर आदळली, ट्रे खाली. मी ओरडले, "खेळ थांबला!" – ह्या वेळी माइकशिवाय, नुसत्या आवाजाने. आवाज फाटलाच. तिला खाली बसवलं, पाणी दिलं. खोक नाही, टेंगूळ आलं.

छतवालीचा नंबर. तिने डबा चढवला, कान देऊन ऐकलं. आतून माझाच आवाज येत होता, 'आई गं', मध्यम दुखणं. ती वर बघेना, खाली बघेना. चहूकडे मान फिरवली. मग डबा काढून हातात धरला.

"मॅडम, इथे तर खरंच कोणी नाही."

मोठ्या बाईंच्या कपाळाला आठ्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हिच्यावर ह्या वेळी दया नको. तुम्हाला लळा लागलाय, दिसतंय मला. पण वॉर्डात ही अशीच इकडेतिकडे बघत राहिली आणि माणूस गेला तर? तुम्ही झोपू शकाल?"

खोटं कुठे आहे त्यात? त्यांची जागा मला दिली तर मीही हेच म्हणेन. म्हटलं, नियमाप्रमाणेच होईल. पलंग सोडला की नापास.

मग त्यांनी सहजच सांगितल्यासारखं सांगितलं, पुढच्या सत्रापासून केबिनची गरज नाही. तिथे चष्म्यांची कपाटं येतील. मला ऑफिसात घेतील, काळजी नको. मला काळजी वाटलीच नाही. खुर्ची बरी असली म्हणजे झालं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आज एक वेडेपणा केला.

कॉलेज सुटल्यावर छतवालीला थांबवलं. आबांना उचलून – वायरमनच्या मदतीने, बापरे काय वजन! – बाजूच्या स्ट्रेचरवर टाकलं आणि स्वतः पलंगावर आडवी झाले. पांघरूण ओढलं. म्हटलं, ये. आता दुखणारं माणूस इथे आहे, तोंडही हलतंय. आता बघ माझ्याकडे.

काय सुख हो पडून राहण्यात! इतकी वर्षं ह्या पलंगाकडे काचेतून बघते आहे, आणि एकदाही पाठ टेकली नव्हती.

तिने हात धुतले – खरे धुतले. आली. नाव सांगितलं, माझं नाव विचारलं, माझ्या डोळ्यांकडे बघून बोलली. सगळं अगदी जसं हवं तसं! मला वाटलं, जिंकलं. मग तिने माझं मनगट धरलं. बोटं बरोबर जागी. "नाडी बघते," म्हणाली... आणि छताकडे बघत थांबली!

माझं खरं मनगट हातात धरून! वाट बघतेय वरून आकडा येण्याची!

मी हसायला लागले. तीही हसली, लाल झाली. हे तिचं पाप नाही, आमचंच आहे. आम्हीच लावलेली सवय. "अगं, मी इथे आहे," म्हटलं. "वर कोणी नाही आता. मोज."

तिने मोजलं. घड्याळाकडे बघत, ओठ न हलवता. मोजून झालं तरी मनगट सोडेना. पुन्हा मोजलं.

"मॅडम, मधेच एक ठोका चुकतोय."

"तुझाच चुकला असेल."

"दोनदा मोजलं मॅडम."

वायरमन दारातून बघत होता. मी उठून बसले, केस सारखे केले. म्हटलं, आबांना उचललंय आत्ता, म्हणून. चला, घरी जायचं नाही का कोणाला? ती तशीच उभी. मग मी म्हटलं ते इथे लिहून ठेवते, म्हणजे मलाच आठवण राहील: परवा परीक्षा झाली की मी ईसीजी काढून घेईन. हॉस्पिटल काय, रस्ता ओलांडला की आलं.

"नक्की ना, मॅडम?"

बापरे, ह्या वयात मला रागे भरणारं आणखी एक माणूस!

२७ फेब्रुवारी, गुरुवार

बाहेरच्या परीक्षक बाई येऊन खोली बघून गेल्या. कडक दिसतात. म्हणाल्या, "मी कोपऱ्यात बसेन. तुमच्या आवाजाची ख्याती ऐकून आहे." ख्याती! घशात चरा पडला आहे नुसता.

छतवालीला एकच सांगितलं – काहीही होऊ दे, पलंग सोडायचा नाही. छत पडलं तरी नाही. काचेकडे यायचं नाही. मी नाही तिथे. कळलं?

"कळलं मॅडम."

पास व्हावी असं वाटतं. उघड उघड लिहिते, इथे कोण वाचतंय. ही वॉर्डात असावी असं मला वाटतं. नाहीतर मी एवढी वर्षं कशासाठी कण्हले?

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

झोप नाही. जबडा. परीक्षेत तिचा नंबर शेवटचा. तेवढा वेळ निघू दे.

७ मार्च, शुक्रवार

हॉस्पिटल. आज थोडं लिहायला परवानगी मिळाली.

तिच्या वेळी मी आजी व्हायला सुरुवात केली, आणि मधेच ते खरंच आलं. पाठीतून जबड्यात. 'खेळ थांबला' म्हणायचं मला सुचलं होतं. म्हटलं नाही – तिची परीक्षा बिघडेल! तसंच रेटलं. मग बटणांवर हातच जाईना. माइक चालू. कोपऱ्यात परीक्षक बाई म्हणे मान डोलवत होत्या, काय हुबेहूब आवाज! छतवालीनेही आधी आजीलाच ऑक्सिजन लावला. मग स्क्रीन बघितली. तिच्यावर आकडे मघाचेच, सगळं ठीक. आणि आवाज ठीक नाही.

"खेळ थांबला!" – तीच ओरडली. पलंग सोडला. परीक्षक ओरडल्या, "बेडपासून हलायचं नाही!" तोवर तिने केबिनचं दार उघडलं होतं.

काल मोठ्या बाई आल्या होत्या. रडल्या. मग जरा वेळाने, अडखळत – तिच्या निकालाचं काय करायचं? परीक्षकांनी नापास लिहिलंय. नियम आहे, पेशंटला सोडून गेली.

मी म्हटलं, "अहो, पेशंटकडेच आली ती."

छतवाली आत्ता येऊन गेली. स्टूल ओढून बसली. माझं मनगट धरलं, मोजलं. वर बघितलं नाही.